घरच्या माणसाचा केसपेपर

रोज सकाळी आक्काला दोन गोळ्या दिल्या की कंपाउंडरला काय मिळायचं, ते आधी मांडून घेऊ. एक, तिच्या हातचा चहा, कपभर आणि वर बशीत सांडेल इतका. दोन, दिवसभराची शांतता. आक्का उभी असली की आरोग्य केंद्र चालायचं, आणि ती बसली की सगळी रांग कंपाउंडरच्या खिडकीवर येऊन आदळायची. तीन, शर्टाचं तुटलेलं बटण, विजारीची उसवलेली शिवण, पिशवीचा निघालेला बंद, जे असेल ते आक्काच्या नवऱ्याकडून शिवून. तो शिंपी होता आणि केंद्राच्या माणसांचं काम हातासरशी करून द्यायचा. चौथी गोष्ट कंपाउंडरने कुणापाशी कबूल केली नसती. त्या सगळ्या इमारतीत त्याला ‘भाऊ’ म्हणणारं माणूस एकच होतं. बाकीच्यांना तो ‘ओ कंपाउंडर’ होता.

दोन पांढऱ्या गोळ्यांच्या बदल्यात सौदा वाईट नव्हता.

केंद्र म्हणजे तेव्हा चार खोल्या आणि पुढे एक व्हरांडा. त्यात लाकडी बाकडं, त्याची मधली फळी पाठी टेकून टेकून काळी तुळतुळीत झालेली. आतल्या खोलीत स्टोव्हवर पातेलं आणि पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळत. मिक्स्चरची बाटली लोकांनी घरून आणायची. कंपाउंडर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायचा, कात्रीने खाचा पाडलेली. एक खाच, एक डोस. त्या पट्ट्या तो इतक्या सारख्या कापायचा की आक्का म्हणायची, भाऊ, तुम्ही चुकून इकडे आलात, तुम्ही आमच्या घरच्या दुकानात शोभला असता. आता सगळं प्लॅस्टिकचं झालं, पट्टी कुणी कापत नाही. पण स्पिरिट, रॉकेल आणि गुलाबी मिक्स्चर यांचा मिळून जो वास त्या व्हरांड्यात यायचा, तो ज्याने घेतला तो विसरलेला नाही.

आक्का तिथली नर्स. सव्वीस वर्षं तिथेच. अर्ध्या गावाचा पहिला ट्यांहा तिने ऐकलेला, त्यामुळे भल्या भल्या बाप्यांना ती भर रस्त्यात कान धरून उभं करायची.

या केंद्राची एक रीत होती. बाहेरचा माणूस आला की त्याचा केसपेपर निघायचा. नाव, वय, तक्रार, तारीख, दिलेलं औषध. घरच्या माणसाचा, म्हणजे तिथे काम करणाऱ्याचा, केसपेपर कधी निघत नसे. घरच्याला कागद कशाला? रांगेत उभं करून वय विचारायचं, हा अपमानच की. मग डॉक्टर व्हरांड्यात उभ्या-उभ्या नाडी बघायचे, तपासनीस जाता-येता बोटाला टोचून रक्त घ्यायचा आणि कंपाउंडर खिडकीतून मूठ पुढे करायचा. सगळं प्रेमाने व्हायचं. दिलेल्या गोळ्या मात्र स्टॉकबुकात कुठेतरी दाखवाव्या लागत. त्या कंपाउंडर ‘मोडतोड’ या रकान्यात टाकायचा. त्याच्या डब्यातल्या गोळ्या इतक्या फुटत होत्या की कुणी नीट वाचलं असतं तर बनवणाऱ्या कारखान्यावर खटला भरला असता.

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि डबक्यांवर डास घोंगावू लागले. हिवतापाचे दिवस आले. वाड्यावस्त्यांवर घरोघर हिंडून तापलेल्या माणसाच्या बोटातला रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, सावलीत वाळवायचा आणि काचा केंद्रावर आणायच्या. चालणं रोजचं तीन-साडेतीन कोस. काचांची लाकडी पेटी आक्काच्या खांद्याला. पाठ तिची आधीच्या वर्षापासून दुखत होती. बाईमाणसाची पाठ दुखायचीच, असं तीच इतर बायांना सांगायची.

घरी उठणं कठीण झालं होतं. अंथरुणातून एकदम उठता यायचं नाही. आधी कूस, मग कोपर, मग हात लांब करून शिलाई मशीनचा लोखंडी पाय धरायचा आणि स्वतःला ओढून घ्यायचं. ती लोंबकळली की मशीनचं चाक अर्धं फिरायचं आणि सुई खाली यायची. दोन सुया तुटल्यावर शिंपी संध्याकाळीच सुई काढून ठेवू लागला. तो तिच्या कमरेला धोतराचा जुना तुकडा घट्ट बांधून द्यायचा, गाठ बाजूला घ्यायचा म्हणजे टोचणार नाही. ती म्हणायची, अहो, जरा ढिलं सोडा, मी काही गठ्ठा नाही.

मग त्याने पेटी आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि तिच्याबरोबर वस्त्यांवर जायला लागला. ती चालायची, तो सायकल हातात धरून शेजारून चालायचा. पुलाच्या कठड्यावर रिकामी मंडळी बसलेली असत. त्यांनी विचारलं, काय मामा, तुमची बदली झाली का नर्स म्हणून? मामा खाली बघून हसला. आक्का थांबली, त्यातल्या एकाला म्हणाली की तू उलटा जन्मलास तेव्हा पाय आधी बाहेर आले होते, डोकं अजून यायचंय. कठडा हसला आणि ती पुढे गेली. वळणापलीकडे गेल्यावर मैलाच्या दगडाला हात टेकून ती बराच वेळ उभी राहिली. शिंपी सायकलची घंटी उगीच पुसत होता.

गणवेशाचं कापड वर्षातून एकदा यायचं. नर्सचा पांढरा कोट, गुडघ्याखाली चार बोटं. तो शिंपी स्वतः शिवायचा, आणि बायको असली तरी माप घेऊन वहीत लिहायचा. त्याच्या वहीत सगळ्यांची मापं असत. त्या वर्षीचा कोट मात्र त्याने घाईत मागच्या मापावरच शिवला आणि अंगात घातला तर तो पोटरीवर आला. त्याने मागच्या पानांवरची मापं पाहिली, पुन्हा टेप लावला. मानेपासून खालपर्यंत दोन वर्षांत अडीच इंच कमी. आणि पाठ मात्र पुढच्या अंगापेक्षा लांब, पोक आलेल्या माणसाची असते तशी. त्याला वाटलं, टेप जुना झाला, ताणला गेला. नवीन टेप आणला. माप तेच आलं.

केंद्रात बटण द्यायला आला तेव्हा तो सहज म्हणाला की आक्का लहान होत चाललीय. सगळे हसले. तपासनीस म्हणाला, मामा, आमच्याही घरी असा टेप द्या, आमच्या मंडळी फार उंच आहेत. शिंप्याने कोटाला आतून दुमड घातली आणि विषय दुमडीत गेला.

तपासनीसाला सगळे ‘भिंग’ म्हणत, कारण दिवसभर त्याचा एक डोळा सूक्ष्मदर्शकाला चिकटलेला आणि दुसरा मिटलेला. कामाला पक्का माणूस. तापाच्या दिवसांत रोज साठ-सत्तर काचा बघायचा. आक्का थकल्यासारखी दिसते म्हणून त्याने जाता-येता तिच्याही बोटाला टोचलं. काचेवर पाहतो तर लाल पेशी सुट्या नाहीत. एकावर एक रचलेल्या, नाण्यांची चवड लावावी तशा. असं थर जाड पडला की होतं, हे त्याला पाठ होतं.

“आक्का, काच बिघडली. बोट द्या परत.”

तिने बोट दिलं. पुन्हा चवडी. तिसऱ्यांदाही चवडी. ती म्हणाली, अरे बाबा, माझं रक्तच काटकसरीचं, रचून ठेवतं. मग त्याने दुसरी तपासणी लावली. उंच नळीत रक्त भरून ती सरळ उभी ठेवायची आणि तासाभरात लाल थर किती खाली बसला ते वाचायचं. बायकांत वीस मिलिमीटर भरला तरी लक्ष द्यायचं. आक्काचा थर एकशे चाळीसच्या खुणेपलीकडे उतरला. नळी तिरकी असली की थर लवकर बसतो, हेही त्याला पाठ होतं. त्याने स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. ती घडी पुढे तशीच राहिली, आणि त्यानंतर कित्येक महिने आजूबाजूच्या गावांतल्या धडधाकट माणसांचे आकडे चढे येत राहिले.

डॉक्टर नवे होते, आक्काच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पांढरी दिसली. रक्त कमी आहे म्हणाले, ताकदीचं इंजेक्शन दिलं, पालेभाजी खायला सांगितली. पाठीच्या गोळ्या चालू ठेवा, असंही म्हणाले असतील. त्यांना पुढे ते आठवलं नाही, आणि लिहिलेलं तर काहीच नव्हतं.

म्हणजे शिंप्याने टेपला खोटं पाडलं, भिंगाने काचेला आणि स्टँडला, आणि डॉक्टरांनी पांढऱ्या पापणीचं पालेभाजीवर भागवलं. तिघांच्या हातात तीन तुकडे होते आणि ते ठेवायला एक कागद नव्हता. कंपाउंडरच्या हातात फक्त डबा होता. पाठ जास्त दुखायला लागली तेव्हा त्याने दोनाच्या तीन केल्या नाहीत, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. केल्या होत्या. रविवारच्या आगाऊ म्हणून.

एका वस्तीवर तापलेलं तान्हं उचलायला आक्का वाकली आणि पाठीत काहीतरी करकचलं. तिने आधी बाळ आईच्या ओटीत नीट ठेवलं, मग स्वतः जमिनीवर बसली. तिथून तिला उठता येईना. उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस लघवी जेमतेम होत होती, हे तिने तेव्हा नवऱ्याला सांगितलं. नर्स असून ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपने मोठ्या इस्पितळात नेलं.

बरोबर गेलेले डॉक्टर चौथ्या दिवशी परत आले. भिंगाने विचारलं तेव्हा म्हणाले, मायलोमा. हाडांच्या आतल्या मगजात होतो, रक्ताचाच एक कॅन्सर. हाडं पोखरतो, मूत्रपिंडं बसवतो. मग त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं. त्या आजाराची दोन पानं होती आणि ती अजून एकमेकांना चिकटलेली होती. डॉक्टरांनी ती पट्टीने सोडवली. दुसऱ्या पानावर नाण्यांच्या चवडीसारख्या पेशींचं चित्र होतं. भिंग ते बघून बाहेर गेला आणि बराच वेळ स्पिरिटने बोटं घासत राहिला. त्याला विचारलं असतं तर हा आजार लागत नाही, हे त्याने बरोबर सांगितलं असतं. बोटांना ते माहीत नव्हतं.

कंपाउंडरने आपलं ज्ञान सांगितलं. रक्ताचा म्हणजे आठ-पंधरा दिवस. त्याने असं किती रोग्यांत पाहिलं होतं? एकाही नाही. पण सांगताना तो अशी मान हलवत होता की सगळ्यांना पटलं. त्या दुपारी कुणीतरी आक्काचा कप बाकीच्या कपांतून उचलला आणि वरच्या फळीवर एकटा ठेवला. कुणी ठेवला, ते कधी कळलं नाही. तिघांपैकी कुणी तो खालीही आणला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी खिडकीपाशी आला. सायकल भिंतीला लावली, रांगेत उभा राहिला. कंपाउंडर म्हणाला, मामा, तुम्ही कशाला रांगेत? तो हलला नाही. नंबर आल्यावर म्हणाला की तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई विचारतात, ही कसल्या गोळ्या खात होती, किती आणि कधीपासून. मूत्रपिंडं आजारानेच आतून भरली असतील तर त्या घरी न्यायला सांगणार आहेत. गोळ्यांनी बसली असतील तर परत सुरू व्हायची आशा आहे, मग त्या औषध सुरू करतील. खाटा कमी आहेत, दोन दिवसांत ठरवायचंय.

“माझ्याकडे तिची नोंद नाही, मामा. केसपेपरच नाही.”

शिंप्याने आपली मापाची वही खिडकीच्या फळीवर ठेवली. “माझ्याकडे आहे. तुझ्याकडेही असणार. तू मोजून देणारा माणूस आहेस.”

कंपाउंडर डब्याचं झाकण लावत होता. ते नीट बसत नव्हतं. पुढच्याच महिन्यात तपासणीसाठी वरचे साहेब यायचे होते. मोडतोडीचा रकाना त्याने आजवर कुणाला बोट लावू दिला नव्हता. तो दाखवायचा म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी चौदा महिने खोटं लिहिलं. न दाखवायचा तर काहीच करायला नको होतं. आठ-पंधरा दिवस थांबायचं. ते त्यानेच सांगितलं होतं.

“आता शिवायचं काय आणलंय?” रांगेतल्या एका बाईने शिंप्याला विचारलं. शिंपी म्हणाला, काही नाही, उसवायचंय.

कंपाउंडरने खिडकी लावली. स्टॉकबुक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोघं दहाच्या बसला बसले. बसमध्ये एकच जागा होती. शिंपी बसायला तयार नव्हता आणि कंपाउंडरला बसायचं तोंड नव्हतं, म्हणून ती जागा एका कोंबड्यांच्या टोपलीला मिळाली.

मोठ्या डॉक्टरीणबाई उंच, चष्मेवाल्या, चहा गार करून पिणाऱ्या. त्यांनी स्टॉकबुकाचा तो रकाना बोटाने वरून खाली नेला.

“इतक्या गोळ्या फुटल्या?”

“फुटल्या नाहीत,” कंपाउंडर म्हणाला. “गिळल्या. तिने. मी दिल्या.”

त्यांनी बेरीज त्यालाच करायला लावली. आठशे बारा. शेवटच्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त. मग त्यांनी शिंप्याची वही उघडली. तीन वर्षांचे तीन कोट, चाळीस, एकोणचाळीस, साडेसदतीस. बाजूला त्याच्या अक्षरात ‘पाठ +’ असं लिहिलेलं. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ तारखा लावत बसल्या.

“हा केसपेपर कुणी लिहिला?”

“तो कोटासाठी लिहिलाय,” शिंपी म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. ताबडतोब सलाईन वाढवायला सांगितलं, पाठीच्या गोळ्यांवर लाल पेनाने काट मारली आणि आजाराच्या गोळ्या लिहिल्या. सहाव्या दिवशी नळीतून येणारी लघवी वाढली. मूत्रपिंडं पुरती सुधारली नाहीत, निम्मी म्हणा. पण घरी न्या, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

आक्का शुद्धीवर नीट आल्यावर तिने कंपाउंडरला खाटेशी बोलावलं. आपल्याला काय झालंय ते त्याच्याकडूनच ऐकायचं म्हणाली, बाकीचे गोड बोलतात. तो सलाईनच्या बाटलीवरची पट्टी वाचू लागला. मग तीच म्हणाली, “रक्ताचा ना?”

त्याने मान हलवली.

“मग आठ-पंधरा दिवसांत कशी नाही गेले?” त्याला वाटलं, फळीवरच्या कपापर्यंत सगळं हिला कळलंय. पण ती छताकडे बघत होती. “वीटभट्टीवरची एक बाई आली होती, तुमच्या आधीच्या काळात. पाठ दुखते म्हणत होती. हातात या इस्पितळाचीच चिठ्ठी होती, रक्ताचा म्हणून लिहिलेली, आणि औषध सुरू करायला बोलावलं होतं. जाऊ का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, कशाला धावतेस, घरी जा, लेकरांत राहा. दारातूनच.”

कंपाउंडर म्हणाला की तेव्हा सगळेच तसं सांगायचे.

“सांगायचे. तिला मी सांगितलं, भाऊ.”

तीन महिन्यांनी ती केंद्रात परत आली. वाकलेली, काठी घेऊन, कोट पुन्हा दुमडलेला. चहाची वेळ होती. तिने कपांची फळी पाहिली, मग वरची फळी पाहिली. कंपाउंडरच्या हातातला भरलेला कप काढून घेतला, दोन घोट प्याली आणि परत त्याच्या हातात दिला. डॉक्टर आणि भिंग बघत होते. कंपाउंडरने कपाकडे पाहिलं. जिथे तिचे ओठ लागले होते तिथूनच तो प्याला. गरम होता, तोंड भाजलं, तरी सगळा प्याला. मग भिंग स्टुलावर चढला आणि त्याने वरचा कप खाली आणला.

ती कामाला बसली ती केसपेपरच्या टेबलाशी. पहिला कागद तिने स्वतःचा काढला, तोही रांगेत उभं राहून. पुढच्या माणसाने सरकायला जागा दिली तर त्याच्यावर डाफरली. दुसरा कंपाउंडरचा. त्याने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तिने खोडून बरोबर लिहिलं. डॉक्टरांनाही रांग लावावी लागली. पाठ दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला ती उंची विचारायची, आणि ठाऊक नसेल तर सरळ आपल्या घरी टेपखाली पाठवायची. आणि आलेली एकही चिठ्ठी तिने दारातून परत पाठवली नाही. भिंगाने स्टँडखालचा पुठ्ठा काढला. स्टँड पहिल्यापासून सरळच होता.

आक्का त्यानंतर चार वर्षं आणि दोन महिने जगली. अजूनही त्या बाजूची जुनी माणसं भेटली की तिच्या काठीच्या आवाजाची नक्कल करतात.

तर आता बेरीज.

डॉक्टरांचं काही गेलं नाही. ते पुढे मोठ्या जागी गेले आणि आपण हा आजार लवकर ओळखला असं सांगत, इतकंच. भिंगाला पुढची तीस वर्षं कुठलीच जाड काच जाड म्हणून फेकता आली नाही. तो प्रत्येक काच तीनदा बघायचा आणि सगळ्यांच्या शेवटी घरी जायचा. कंपाउंडरला साहेबांनी पुढे लांबच्या एका गोदामावर पाठवलं. तिथे पट्ट्या कापायच्या नव्हत्या आणि त्याला भाऊ म्हणणारं कुणी नव्हतं. शिंप्याच्या वहीत शेवटचं माप छत्तीस आहे. त्या मापाचा कोट कापलेला राहिला, शिवला नाही. आक्काची चार इंच उंची गेली, अर्धी मूत्रपिंडं गेली आणि नंतर उरलेलं.

वीटभट्टीवरच्या बाईचं सगळं गेलं, तेही सर्वांत आधी. तिला दारातूनच परत पाठवलं होतं, त्यामुळे तिचाही केसपेपर नाही.